३ कोटी ४० लाखांचा भागाकार

आमच्या ऑफिसात सांगलीचा एक जण आहे. स्मृती मानधनाचं नाव निघालं रे निघालं की हा गडी माधवनगरचा रस्ता सांगायला लागतो, जणू काही ती याच्याच गल्लीत लहानाची मोठी झाली. आम्ही पडलो सातारकर. कंदी पेढ्यांवर कितीही भांडू, पण क्रिकेटमध्ये सांगलीपुढे गप्प बसावं लागतं. (विजय हजारेही सांगलीतच जन्मलेले. असो.)

तर १३ फेब्रुवारी २०२३. विमेन्स प्रीमियर लीगचा पहिला लिलाव, त्यात पहिलंच नाव स्मृतीचं. मुंबईशी चढाओढ करून आरसीबीने तिला ३ कोटी ४० लाखांना घेतलं. त्या दिवशीची सगळ्यात मोठी बोली! पुढच्या महिन्यात स्पर्धा झाली. आरसीबी पहिल्या पाचही मॅच हरली आणि स्मृतीचे ८ मॅचमध्ये रन झाले १४९. झालं.. जो तो मोबाईलवर भागाकार करायला बसला. एक रन पडला २ लाख २८ हजारांना. त्याच टीममधल्या एलिस पेरीने १ कोटी ७० लाखांत २५३ केले, म्हणजे रनला ६७ हजार. निष्कर्ष काय, तर पैसे पाण्यात.

मला हा भागाकार तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. गणित बरोबर आहे, पण भागायला घेतलेली संख्याच चुकीची आहे.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्यांनी या प्रकारावर भरपूर डोकं चालवलंय. एखाद्याने २५ पॉइंट केले म्हटलं की तिकडे पुढचा प्रश्न येतो, किती पझेशनमध्ये? पझेशन म्हणजे बॉल आपल्या हातात आल्यापासून जाईपर्यंतची पाळी. मॅचमध्ये अशा पाळ्या मोजक्याच मिळतात, त्यामुळे त्या खाऊन पॉइंट जमवणारा स्टार टीमला महागात पडतो. टी-२० मध्ये मोजके असतात ते १२० बॉल. स्मृतीने २०२३ मध्ये १४९ रनांना १३४ बॉल घेतले, स्ट्राइक रेट १११. सगळी टीम याच वेगाने खेळली तर २० ओव्हरमध्ये १३३ होतात. २०२४ मध्ये तिने २२४ बॉलमध्ये ३०० केले. त्या वेगाने होतात १६०-१६१, म्हणजे इनिंगमागे २७-२८ रन जास्त. त्या वर्षी आरसीबीने कप जिंकला. तो नुसता तिच्यामुळे नव्हे, पेरीचे ३४७ रन होतेच की.

आणि १३४ बॉल म्हणजे असे किती हो? २२ ओव्हर २ बॉल. एवढ्याशा सॅम्पलवर आमच्याकडे कुणी साधा बग क्लोज करू देत नाही :)

आता पैशांकडे येऊ. एनबीएमध्ये टीमच्या एकूण पगाराला कॅप असते आणि सगळ्यात मोठा करार त्या कॅपच्या टक्क्यांत ठरतो. खेळाडूच्या अनुभवाप्रमाणे २५, ३० किंवा ३५ टक्के. नुसता आकडा फसवतो, हिस्सा फसवत नाही. २०२३ ला प्रत्येक टीमच्या पर्समध्ये १२ कोटी होते, म्हणजे स्मृतीचा हिस्सा २८ टक्क्यांच्या वर. २०२६ च्या सीझनसाठी आरसीबीने तिला साडेतीन कोटींना ठेवलं, पण तोवर पर्स १५ कोटींची झाली होती. हिस्सा २३ टक्के. दहा लाख वाढले आणि टीमला ती स्वस्त झाली!

मग पेरी निम्म्या किमतीत कशी मिळाली? कारण अकरात परदेशी खेळाडू साधारणपणे चारच (असोसिएट देशाची एक असेल तर पाच). त्या चार जागांसाठी ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड अशी लांबलचक रांग. पण भारतीय, ओपनर, शिवाय कॅप्टन होऊ शकेल अशी हवी असेल तर रांगेत कितीजणी होत्या? 'ही नाही तर दुसरी कोण' याचं उत्तर जितकं अवघड, तितकी बोली वर जाते.

हे सगळं मी फोनवर मामांना ऐकवलं, कारण मूळ प्रश्न त्यांचा होता. मामांचं सांगलीत इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. धाकटी तेरा वर्षांची, डावखुरी, लेदर बॉलवर खेळते. तिला पुण्याला ॲकॅडमीत घालायचं, मामींनी तिच्याबरोबर तिथे खोली घेऊन राहायचं आणि वरच्या मजल्यासाठी साठवलेले पैसे त्यात घालायचे, असं घरात चाललंय.

मी म्हटलं, मामा, ते ३ कोटी ४० लाख आधी डोक्यातून काढा. त्या लिलावात अख्ख्या देशातून ५७ भारतीय मुली घेतल्या गेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच दहा लाखांच्या बेस प्राइसला. खरं बघायचं ते त्याच्या खालच्या पायरीवर. राज्याच्या सीनियर टीमच्या अकरात खेळणाऱ्या मुलीला दिवसाला २० हजार मिळायचे, डिसेंबर २०२५ मध्ये बीसीसीआयने ते वनडे आणि त्याहून मोठ्या मॅचसाठी ५० हजार केले. वर्षात असे दिवस किती भरतात ते धरा आणि त्यावर हिशेब मांडा. तोही अकरात आली तर.

मामा जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या इंजिनिअरिंगची फी भरताना तुझ्या बापानं असा हिशेब मांडला होता का रे?"

यावर मी काय बोलणार? तेवढ्यात पोरीने त्यांच्या हातातून फोन घेतला. तिला टक्के नको होते, मजला नको होता. तिचा प्रश्न एकच, स्ट्राइक रेट काढताना वाइड बॉल धरतात का?

वाइड धरत नाहीत, म्हटलं. नो-बॉल धरतात.