पुण्याची गाडी हिंगोलीच्या दारी

उन्हाळ्यात हळद शिजते, वाळते, वसमत-हिंगोलीच्या बाजारात तिची पट्टी होते आणि चार पैसे गाठीला बसले की घरात गाडीचा विषय निघतो. हा विषय चैनीचा नसतो. रात्री-अपरात्री म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कळ आली तर नांदेडचा दवाखाना गाठायचा कसा, ही चिंता आपल्या वाडीवस्तीवर घरोघरी आहे. नवी गाडी झेपत नाही. मग पुण्याला कारखान्यात असलेला लेक नाहीतर भाचा कळवतो, "इकडे एक चांगली जुनी गाडी आहे, बघायला या." सौदा जमतो. पण गाडी पुण्यात आणि घर हिंगोलीत. मध्ये साडेचारशे किलोमीटरच्या आसपास वाट.

माळेगावच्या यात्रेत घेतलेला बैल आपले वाडवडील एका दमात घरी आणत नसत. थोडे चालवीत, पाणी दाखवीत, खूर पाहत, मग पुढे निघत. जनावर अनोळखी आणि वाट लांबची. जुन्या गाडीलाही हाच न्याय लावा. शहरात रोज पाच-दहा किलोमीटर फिरलेली गाडी दिवसभर उन्हात धावली, म्हणजे तिचे दुखणे बाहेर येते.

आधी शिदोरी मग जेजुरी, तसे आधी कागद मग रस्ता. नमुना २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या तुमच्यासमोर घ्या. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर नमुना ३५ आणि बँकेचे पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. पुण्याचा एमएच १२ नंबर तसाच राहतो, हिंगोलीचा एमएच ३८ घ्यावा लागत नाही.

विम्याचे मात्र नीट ध्यानात घ्या. रस्त्यावर दुसऱ्याला इजा झाली तर त्याच्या भरपाईचा विमा गाडीबरोबर तुमच्याकडे येतो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तसा आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर तुमचे नाव चढवावे लागते. वाटेत गाडी ठोकली गेली आणि पॉलिसीवर जुन्याच मालकाचे नाव असले, तर हळदीचे पैसे गेलेच म्हणून समजा. जुन्या मालकाचीही सुटका नाही. अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीत नाव असलेलाच मालक धरायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. तेव्हा कागद लवकर होण्यात दोघांचेही हित आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी टायर पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर कडक होते, भेगाळते आणि वेगात दगा देते. स्टेपनी, जॅक, पाना, ब्रेकचे तेल, रेडिएटरचे पाणी आणि पंख्याचा पट्टा हे सगळे मिस्त्रीला दाखवा.

आता चला. पहाटे पुणे सोडा. रांजणगावच्या गणपतीला हात जोडा, शिरूरला घोड नदी ओलांडा. नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, सुमारे १२० किलोमीटरवर येते. तिथे पहिला थांबा. बॉनेट उघडा, गाडीखाली तेल ठिबकते का ते पाहा आणि चारही चाकांजवळ तळहात न्या. एकच चाक जास्त तापले असेल तर तिथला ब्रेक धरून राहतो आहे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका. वाफेने तोंड भाजते.

पुढे नेवासा फाटा, मग प्रवरासंगम. इथे प्रवरा गोदावरीला मिळते, आणि गोदावरीचा पूल ओलांडला की आपण मराठवाड्यात आलो. छत्रपती संभाजीनगरला दुसरा थांबा घ्या. येथून काही जण समृद्धी महामार्ग धरतात. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. वाशीम जिल्ह्यात उतरून कनेरगाव नाक्यावरून हिंगोलीला येता येते. पण त्या सरळ सिमेंटच्या रस्त्यावर वेग नकळत वाढतो आणि जुने टायर तापतात. अनोळखी गाडीला पहिल्याच दिवशी तिथे पळवण्यापेक्षा जालना, मंठा, जिंतूर हा आपला रस्ता बरा. वाटेत गावे आहेत, गॅरेज आहे, हाक मारली तर माणूस आहे.

मंठ्याच्या पुढे दिवस मावळणार असे वाटले, तर जालन्यालाच मुक्काम करा. रात्री उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय चालतात, वळणावर गुरे बसतात, आणि तुमच्या गाडीचा ब्रेक किती अंतरावर लागतो हे तुम्हाला अजून ठाऊक नाही. एका रात्रीच्या लॉजच्या भाड्यासाठी जीव धोक्यात घालू नका.

जिंतूर सोडले की डोंगरांच्या कुशीत औंढा नागनाथ दिसतो. काळ्या दगडाचे ते कोरीव हेमाडपंती देऊळ, आणि विसोबा खेचरांनी नामदेवांना जिथे गुरुबोध केला अशी परंपरा सांगते ते ठिकाण. नव्या-जुन्या कित्येक गाड्यांना पहिला नारळ इथेच फुटतो. तुम्हीही फोडा, पण देवाच्या भरवशावर ब्रेक सोडू नका. येथून हिंगोली पंचवीसेक किलोमीटर.

कयाधूच्या काठी गाडी पोचली, अंगणात आरती झाली, पेढे वाटून झाले, की दुसऱ्याच दिवशी ते कागद घेऊन कार्यालयात जा. पेरणीच्या गडबडीत ते फळीवर पडून राहिले, तर मुदत निघून जाते. आणि एकदा घरातल्या म्हाताऱ्या मंडळींना मागच्या सीटवर बसवून दिवसाउजेडी नांदेडपर्यंत जाऊन या. पुढे कधी रात्री जावे लागले, तर गाडी आणि रस्ता दोन्ही ओळखीचे असतील.