सात नंबरचे घर

गेल्या उन्हाळ्यात ब्रिस्टलला भाच्याकडे आठ दिवस होतो. राजा राममोहन रॉय १८३३ साली याच शहरात वारले. कॉलेज ग्रीनवर त्यांचा पुतळा आहे. तो पाहतो न पाहतो तोच पाऊस आला. "मामा, वर एक जुने घर आहे, तिथे चला," म्हणून भाच्याने मला पार्क स्ट्रीटचा चढ चढवला आणि ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरच्या सात नंबरच्या घरात नेले.

हे घर विल्यम पेटी या वास्तुकाराने १७९०च्या सुमारास जॉन पिनी या साखरेच्या व्यापाऱ्यासाठी बांधले. दर्शनी भाग दगडी, नक्षी बेताची. तावदाने वरखाली सरकणारी. डामडौल नाही, सगळे कसे प्रमाणात! आपल्याकडच्या जुन्या माणसांनी 'घरंदाज' म्हटले असते. वर दिवाणखाना, अभ्यासिका, शयनगृहे. तळघरात स्वयंपाकघर, धुण्याची खोली आणि एक दगडी हौद. त्यात पिनीसाहेब थंड पाण्याची डुबकी घेत. आपण दिवाळीत कढत पाण्याचे अभ्यंगस्नान करणारे. मला तर नुसते पाहूनच हुडहुडी भरली.

घराचा पैसा कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावरचा. तिथे पिनींचे उसाचे मळे होते आणि ते गुलाम कसत. १७६५ साली पिनींनी बारा वर्षांचा एक मुलगा विकत घेतला, बरोबर त्याच्या दोन बहिणीही. त्याचे नाव पेरो. १७८३ साली धन्याबरोबर तो इंग्लंडात आला तो एकटाच. बहिणी बेटावरच राहिल्या. दाढीहजामत, कपडालत्ता, सगळी खाजगी चाकरी तो करी. १७९८ साली वारला तो गुलाम म्हणूनच. राममोहन वारले त्या वर्षी ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला. तोवर पेरोला जाऊन पस्तीस वर्षे झाली होती.

इथवर मी त्रयस्थपणे वाचत होतो. पुढच्या पाटीवर वर्ड्स्वर्थचे नाव दिसले आणि पाय थबकले. १७९५ साली तो या घरी पाहुणा होता. पिनींच्या मुलांनी डॉर्सेटमधले रेसडाउनचे आपले घर त्याला भाड्याशिवाय राहायला दिले. तिथे तो बहिणीसह राहिला.

केशवसुत शिकवताना मी दर वर्षी वर्ड्स्वर्थचा दाखला देतो. सृष्टीच्या सहवासात साधेपणाने राहणारा कवी, असे सांगतो, आणि पोरे लिहून घेतात. त्या साधेपणाचे भाडे कुणी सोसले, हे विचारायचे वीस वर्षांत मला सुचले नव्हते. आवडता कवी काही टाकून देववत नाही. पण तो तास आता पूर्वीसारखा घेता यायचा नाही.

परत येताना बंदरावर भाच्याने पेरोच्या नावाचा पूल दाखवला. तो १९९९ साली झाला. वर दोन मोठी शिंगे आहेत. भाच्याने फोटोसाठी मला त्यांच्याखाली उभे केले. पुढे चहा घेतला. साखरेचा चमचा हातात धरून मी बराच वेळ बसलो. मग नेहमीप्रमाणे दोन चमचे घातलेच.