घंटा वाजल्यावर येणार कोण?

डेट्रॉइटच्या उपनगरांत उन्हाळा लागला की दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांचा हंगाम सुरू होतो. त्यातला अलार्मवाला बहुधा विशीतला, हातात टॅब्लेट, जिभेवर साखर. सामान फुकट, बसवणं फुकट, दरमहा काय ते थोडे डॉलर! ‘मागच्याच गल्लीत चोरी झाली’ हे वाक्य त्याला तोंडपाठ असतं. नुकतंच घर घेतलेलं मराठी कुटुंब इथे पटकन विरघळतं. इथल्या खिडक्यांना गज नाहीत, घराला कंपाउंडची भिंत नाही आणि मागचं दार अख्खं काचेचं. पिंपरी-चिंचवडच्या निगडी प्राधिकरणात ग्रिलच्या आड वाढलेल्या माणसाला अशा घरात सुरुवातीला झोपच लागत नाही.

ट्रॉय, नोव्हाय, कँटन या गावांत आमच्यासारखी बरीच आहेत. गाड्यांच्या धंद्याने पिंपरी-चाकणहून उचलून इकडे आणलेली. त्यामुळे ‘अगं, कुठली कंपनी घेऊ?’ हा फोन मला अधूनमधून येतो. मी आधी एवढंच सांगते की दारात सही केली असली तरी घाबरू नकोस. घरी येऊन केलेला 25 डॉलर किंवा त्याहून मोठा सौदा कामकाजाच्या तीन दिवसांत रद्द करायची मुभा इथला केंद्रीय नियम देतो. ती मुभा हवीच, कारण ‘फुकट’ सामानाची किंमत करारात दडलेली असते. तीन किंवा पाच वर्षं बांधून घेणारा करार, मुदत संपली की आपोआप पुढे सरकणारा, आणि मधेच घर विकलं तरी पिच्छा न सोडणारा.

मग कळीचा प्रश्न: आपण दरमहा पैसे मोजतो ते नेमके कशाचे? सायरन तर विकत घेतलेलाच असतो. पैसे असतात पलीकडे जागं बसलेल्या माणसाचे. ही कल्पना जुनी आहे. बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोप यांनी 1853 साली चोर आल्यास विजेवर वाजणाऱ्या घंटेचं पेटंट घेतलं. ते एडविन होम्स यांनी विकत घेतलं आणि न्यूयॉर्कमध्ये त्याचा धंदा केला. घरातली घंटा घरातच वाजून उपयोग नाही, ती दूर एका कचेरीत वाजली पाहिजे, ही त्यातली पुढची आणि खरी अक्कल. आजचं मॉनिटरिंग सेंटर म्हणजे तीच कचेरी, फक्त ती तीन राज्यं ओलांडून कुठेही असू शकते.

तिथे बसलेला माणूस काय करतो, हे मात्र फार कमी लोक विचारतात. अलार्म वाजला की तो थेट पोलिसांना कळवत नाही. आधी तुम्हाला फोन करतो, मग दुसऱ्या नंबरवर, आणि परवलीचा शब्द विचारतो. याला कारण आहे. अमेरिकेत पोलिसांपर्यंत जाणाऱ्या घरफोडीच्या अलार्मपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त खोटे निघतात. सॉल्ट लेक सिटीने 2000 साली ठरवून टाकलं की कुणीतरी खातरजमा केल्याशिवाय पोलीस येणार नाहीत. डेट्रॉइटने 2011 मध्ये, तर सीमेपलीकडच्या टोरांटोने 2018 मध्ये तोच मार्ग धरला. म्हणजे तुमचं घर कुठल्या गावाच्या हद्दीत आहे, यावर त्या मासिक बिलाची खरी किंमत ठरते. अनेक गावांत अलार्मची नोंदणी करावी लागते आणि खोट्या अलार्मला दंड बसतो.

मराठी घरांत हा दंड कोणामुळे बसतो? चोरांमुळे नव्हे, पाहुण्या आईवडिलांमुळे. चिंचवडहून आलेल्या सासूबाई पहाटे उठतात आणि सूर्याला अर्घ्य द्यायला मागचं दार उघडतात. तीस सेकंदांनी घर बोंबलायला लागतं, भिंतीवरच्या डब्यातून एक अनोळखी आवाज इंग्रजीत परवलीचा शब्द मागतो, आणि सासूबाई हातात तांब्या घेऊन त्याला मराठीत समजावत राहतात. म्हणून माझा पहिला सल्ला: परवलीचा शब्द असा ठेवा की जो आजीला झोपेतही आठवेल. आमच्या ओळखीच्या एका घरात तो ‘पुरणपोळी’ आहे. अमेरिकन चोराला तो सापडायचा नाही.

बाकीचे प्रश्न रोकडे आहेत. निरोप इंटरनेटवरून जातो की मोबाइल नेटवर्कवरून? दोन्ही हवं, कारण वादळात वीज आणि वायफाय एकदमच जातात. बॅटरी किती तास टिकते? पॅनलमधला मोबाइल संच जुना नाही ना? 2022 मध्ये इथलं थ्रीजी बंद झालं, तेव्हा संच न बदललेली पॅनलं भिंतीवर दिवे लावून बसली आणि बोलेनाशी झाली. मॉनिटरिंग सेंटरला यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का? आणि घराच्या विम्यात सूट मिळण्यासाठी ते प्रमाणपत्र देतील का?

आणि मिशिगनमध्ये तर चोर हा भीतीच्या यादीत खाली येतो. जानेवारीत तुम्ही महिनाभर भारतात आहात, इकडे घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली, नळ गोठून फुटला. किंवा पावसात वीज गेली, तळघरातला पाणी उपसणारा पंप थांबला. घरात साचणारा कार्बन मोनॉक्साइड तर दिसतही नाही आणि त्याला वासही नाही. त्यामुळे दाराखिडक्यांच्या सेन्सरपेक्षा तपमान, पाणी आणि या वायूचे सेन्सर कोणती कंपनी त्याच पैशात सांभाळते, हे मी आधी विचारते.

पण सगळं विचारून झालं तरी अर्जात एक रकाना उरतोच. तुम्ही फोन उचलला नाही तर कोणाला कळवायचं? नाव, नंबर, किल्ली आहे का. इथे भल्याभल्यांचं पेन अडखळतं. पंचवीस मैलांवरचे मराठी मित्र भरपूर, पण रात्री दोनला पाच मिनिटांत येणारा शेजारी? त्याचं आडनावही माहीत नसतं.

गंमत म्हणजे याच प्रश्नाने मला उलट दिशेने गाठलं. आईबाबा प्राधिकरणातल्या घरात दोघंच राहतात. बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा, 1972 साली स्थापन झालेल्या नवनगर प्राधिकरणाच्या त्या भागात, सगळी गल्ली एकाच तालावर जगायची. कंपनीचा भोंगा, शिफ्टच्या बसगाड्या, रात्री काठी आपटत जाणारा गुरखा. आता निम्म्या बंगल्यांची मुलं पुण्याबाहेर, काही देशाबाहेर. मे महिन्यात तिथे कुलूपच जास्त दिसतं.

तिथला कॅमेरेवाला बाबांना म्हणाला, ‘काका, मुलीला मोबाइलवर सगळं दिसेल.’ खरं आहे. उन्हाळ्यात निगडीत रात्रीचे दोन वाजतात तेव्हा इथे दुपारचे साडेचार असतात, म्हणजे प्राधिकरणावर रात्रीचा पहारा द्यायला माझ्याइतकं टक्क जागं माणूस दुसरं नाही. पण दिसल्यावर मी करणार काय? भारतात बँकांच्या एटीएमवर लांबून नजर ठेवणाऱ्या सेवा आहेत. घरांसाठी मात्र बहुतेकदा ‘मॉनिटरिंग’ म्हणजे आपल्याच फोनवर येणारी सूचना. तिथे 112 हा आपत्कालीन नंबर आहे, 2018 पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, पण तो नंबर मी मिशिगनमधून लावला तर फोन पुण्याला जात नाही. म्हणून कॅमेऱ्याआधी आम्ही दोन गोष्टी केल्या. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा राउटरला छोटा इन्व्हर्टर. आणि निगडी पोलीस ठाण्याचा थेट नंबर, समोरच्या काकू, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला आणि चिखलीतला मावसभाऊ यांची यादी, प्रत्येकाला आधी विचारून.

ही यादी करताना मला चाकणचा संग्रामदुर्ग आठवला. त्याची हकिकत आम्ही शाळेत शिकलो. 1660 च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे तो छोटा भुईकोट पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. तट होता, खंदक होता, पहारा जागा होता. शिवाजी महाराज तेव्हा पन्हाळ्याकडे गुंतले होते आणि कुमक येण्यासारखी नव्हती. किल्ला पडला तो पहाऱ्यात कसूर झाली म्हणून नव्हे.

तेव्हा कंपनी कोणती घ्यावी, यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी तो शेवटचा रकाना भरा. भरता येत असेल, तर छोट्या कराराची, दोन मार्गांनी निरोप पाठवणारी कुठलीही स्वस्त सेवा चालेल. भरता येत नसेल, तर सर्वांत महागड्या सेवेचा माणूसही तुमच्यासाठी फोन लावण्यापलीकडे काही करू शकत नाही. अशा वेळी अलार्मची खरेदी आठवडाभर पुढे ढकला, चिवडा-लाडवांचा एक डबा घ्या आणि शेजारचं दार वाजवा. टॅब्लेट न घेता आलेलं माणूस पाहून त्यांनाही बरं वाटेल.