बोलत्या यंत्राला तंजावरची मराठी उमगेल का?

तंजावर म्हटले की आपल्याला आठवते ते बृहदीश्वराचे मंदिर. राजराज चोळाने हजार वर्षांपूर्वी उभारलेल्या या मंदिराच्या भिंतींवर तमिळ शिलालेख आहेत, यात नवल नाही. नवल हे की, याच मंदिराच्या आवारात एका भिंतीवर चक्क मराठी मजकूर कोरलेला आहे. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा हा लांबलचक लेख सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतला. महाराष्ट्रातून गेलेला प्रवासी तेथे थबकतो आणि नकळत मोठ्याने वाचू लागतो.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास येथे मराठी राज्य स्थापन केले. १८५५ मध्ये ते संपले. या राजांना भाषांचे मोठे वेड. शहाजीराजांनी संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत बोलणारे 'पंचभाषाविलास' हे नाटक लिहिले. सरफोजीराजांनी तर छापखानाच काढला आणि इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने १८०६ मध्ये मराठीत छापवून घेतल्या. छापखाना हे त्या काळातले भाषेचे नवे यंत्रच होते.

आज भाषेचे दुसरेच यंत्र दाराशी आले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' लोकांसमोर आले आणि संगणक माणसासारखा बोलू-लिहू लागला. तंजावरी चित्रे विकणाऱ्या दुकानदाराला आता मराठी गिऱ्हाइकाशी हातवारे करीत बोलण्याची गरज उरलेली नाही. तो तमिळमध्ये बोलतो, मोबाइल मराठीत सांगतो. सोन्याचा वर्ख खरा की खोटा, चित्र घरपोच येईल का, सारे बोलणे होते आणि सौदा जमतो. केंद्र सरकारची 'भाषिणी' योजनाही २०२२ पासून याच कामाला लागली आहे. मद्रास आयआयटीतील संशोधकांनी आपल्या राज्यघटनेतील २२ भाषांसाठी भाषांतराची साधने तयार केली आहेत आणि ती सर्वांना खुली ठेवली आहेत.

यंत्र शिकते तरी कसे?

'चहात साखर' एवढे शब्द ऐकले की पुढे 'घाला' किंवा 'कमी' येणार, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. आयुष्यभर तीच वाक्ये कानांवर पडलेली असतात. यंत्राचेही थोडेफार असेच आहे. त्याला अफाट मजकूर वाचायला दिला जातो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो, याचा ठोकताळा ते बांधत जाते आणि त्याच्या बळावर वाक्यामागून वाक्य रचते. म्हणजे जे लिहिले गेले, ज्याचा आवाज कुणी टिपून ठेवला, तेच त्याच्या पदरात पडते. जे घराच्या चार भिंतींत फक्त बोलले गेले, ते त्याच्या लेखी नाहीच.

तंजावरच्या मराठीचे दुखणे नेमके हेच आहे. तंजावर, कुंभकोणम आणि चेन्नईच्या अनेक घरांत ही भाषा साडेतीनशे वर्षे टिकून आहे. तिचा हेल तमिळ आहे, वाक्यात तमिळ शब्द सहज येऊन बसतात आणि अधूनमधून महाराष्ट्रातल्या माणसाला जुन्या पत्रांतच भेटेल असा एखादा शब्द डोकावतो. पण शाळा तमिळ किंवा इंग्रजी, कचेरी तमिळ, बाजार तमिळ. मराठी राहिली ती देवघरापुरती आणि स्वयंपाकघरापुरती.

समजा, अशाच एका घरातली नात नोकरीसाठी दूर गेली आहे. तिला आजीच्या हातची डांगर पच्चडी करून पाहायची आहे. आजीचा आवाज ती मोबाइलला ऐकवते. डांगर म्हणजे उडदाचे पीठ, हे आजीने गृहीतच धरलेले. पण खानदेशात डांगर म्हणजे लाल भोपळा आणि हिंदीत डांगर म्हणजे गुरेढोरे! यंत्राने भोपळा धरला तर पच्चडीचे काय होईल, हे कोणत्याही गृहिणीला सांगायला नको.

बरे, तिने लिहून विचारावे, तर देवनागरी तिला येत नाही. ती मराठी शब्द तमिळ अक्षरांत लिहिते. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चारही उच्चारांना एकच अक्षर आहे. 'गाडी' लिहिली काय आणि 'काडी' लिहिली काय, कागदावर दोन्ही सारखीच. आजी वाचेल तर संदर्भावरून क्षणात ओळखेल. यंत्र मात्र त्या अक्षरांना तमिळ समजूनच अर्थ लावू लागण्याचा संभव अधिक.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. 'मला ठाऊक नाही' असे म्हणण्याची या यंत्राला फारशी सवय नाही. तंजावरची मान डोलावणारी बाहुली जशी प्रत्येक धक्क्याला होकार देते, तसे तेही न कळलेल्या प्रश्नाला ठामपणे उत्तर देऊन मोकळे होते. उत्तर इतके सफाईदार असते की, शंका घेण्याचे आपल्याला सुचतही नाही.

मोडीचे रुमाल आणि वाचणारे डोळे

घरातल्या बोलीची ही गत, तर दरबारच्या भाषेची काय? सरफोजीराजांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत. शिवाय राजदरबाराच्या मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. हिशेब, देणग्या, नेमणुका, सणवार, नाटकशाळेचा खर्च, असा दरबाराचा सारा रोजचा व्यवहार या कागदांत आहे. त्यांतल्या काहींचा तमिळ अनुवाद तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केला. मराठी राज्याची मराठी कागदपत्रे तमिळ अभ्यासकांनी मेहनतीने वाचली, ही आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

मोडी वाचणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली न थांबता लिहीत जायचे, ही तिची रीत. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत. कोठे शब्द संपला, हे अर्थ लावल्याशिवाय कळत नाही. जून २०१४ पर्यंत तर संगणकाच्या 'युनिकोड' या जागतिक अक्षरसंग्रहात मोडीला जागाच नव्हती. अलीकडे मात्र चित्र पालटते आहे. मोडी कागदाचे छायाचित्र पाहून देवनागरी मजकूर देणाऱ्या यंत्रावर रुडकीच्या आयआयटीतील संशोधकांनी काम केले आणि २०२५ मध्ये ते जाहीर केले. यंत्राला शिकवण्यासाठी त्यांनी दोन हजारांहून अधिक मोडी पानांची चित्रे त्यांच्या देवनागरी रूपासह जमवली होती.

मग मोडी वाचकांचे पोट बुडणार का? याचा विचार करताना महाराष्ट्रातला एक अनुभव उपयोगी पडेल. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने समिती नेमली आणि जुन्या दप्तरांतले मोडी कागद बाहेर निघाले. ज्या मोडी जाणकारांकडे एरवी फारसे कुणी फिरकत नसे, त्यांना एकाएकी मागणी आली. एका नोंदीवर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून असेल, तर यंत्राने 'बहुधा असे असावे' म्हणून लावलेले अक्षर चालणार नाही. यंत्र दिवसात हजार पाने चाळून देईल, पण 'हे अक्षर असेच आहे' असे सांगून त्याची जबाबदारी घ्यायला माणूसच लागेल.

शिवाय ती दोन हजार पाने यंत्राला शिकवण्याजोगी झाली, ती कुणी तरी माणसाने आधी बरोबर वाचली म्हणूनच. गुरू नसेल तर शिष्य शिकणार कोणाकडून?

नवे काम, नवी किंमत

तेव्हा काम संपत नाही, त्याचे रूप बदलते आहे. साधी पत्रे, जाहिराती, माहितीपत्रके यांचे भाषांतर करून गुजराण करणाऱ्यांचे उत्पन्न यापुढे घटणार, हे मान्यच करायला हवे. त्याबद्दल खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. पण यंत्राला शिकवणे, त्याच्या चुका काढणे, आवाज टिपणे आणि चित्रांना नावे देणे, हे नवे उद्योगही उभे राहत आहेत. 'देसीक्रू' या कंपनीने तमिळनाडूतल्या लहान गावांत अशा कामाची केंद्रे काढली. त्यामुळे मुलींना घर सोडून शहरात न जाताही संगणकावरची नोकरी करता येते. अशा कामात घरची भाषा हीच हातातली कला ठरू शकते. मात्र त्या कलेला योग्य मोबदला मिळतो की तिचीही गणना स्वस्त मजुरीत होते, याकडे डोळसपणे पाहावे लागेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण आनंद साजरा केला, ते योग्यच झाले. पण भाषा टिकते ती रोजच्या वापराने. ज्यांच्या घरात तंजावरी, अहिराणी, मालवणी किंवा झाडीबोली बोलणारी वडीलधारी मंडळी आहेत, त्यांनी एखाद्या निवांत दुपारी त्यांच्याजवळ बसावे. पाककृती, ओव्या, नात्यांची नावे, रागावण्याचे आणि लाडाचे शब्द त्यांना विचारून घ्यावेत. मोबाइलवर आवाज टिपावा, शेजारी अर्थ लिहावा, तारीख घालावी. याला ना पैसा लागतो, ना मोठे शिक्षण. यंत्र पुढे कधी तरी ते शिकेल किंवा शिकणारही नाही. नातवंडांच्या हाती मात्र आजीचे बोलणे तिच्याच आवाजात, अर्थासह राहील.