लंडन किती लांब?

खेड्यात अंतर मैलांत कोणी मोजत नाही, वेळेत मोजतात. तालुक्याचे गाव किती लांब म्हणून विचारले, तर "एस. टी.ने तासाभराची वाट" असेच उत्तर येते. कोकणातल्या बागांतून हिंडताना मला मात्र एक प्रश्न वारंवार ऐकू येई, "साहेब, आपला हापूस जातो ते लंडन किती लांब?"

मुंबईहून लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. मुंबई-नागपूर रस्ता आठशेच्या आसपास धरला, तर त्याच्या नऊपट! बोटीच्या काळात तिकडे पोहोचायला आठवडे लागत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. आता मध्ये न थांबणारे विमान हाच पल्ला नऊ-दहा तासांत गाठते.

गंमत अशी की, जायला वेळ जास्त आणि यायला कमी. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. वारा बघून धान्य उपणणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. घड्याळाचाही फरक आहे. आंब्याच्या दिवसांत लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते. दुपारी दोनला सुटलेले विमान दहा तासांनी उतरते, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र आणि तिथे संध्याकाळचे साडेसात!

पण बंधु-भगिनींनो, आंब्याचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही; तो झाडावरच सुरू होतो. २०१३ साली भारतातून युरोपात गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत कीड सापडली. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपला आंबा बंद केला. सोबत अळू, कारले, वांगी आणि पडवळही. ऐन हंगाम! त्या आठवड्यात एका बागेत गेलो, तर पेट्या भरून तयार. बागायतदार म्हणाले, "विमान तेच, वाट तीच, मग आंबाच का अडला?"

मी त्यांना झाडाखाली सडत पडलेली फळे दाखविली. फळमाशी सालीखाली अंडी घालते. अळी गरावर वाढते, जमिनीत उतरून कोष करते आणि पुन्हा माशी होऊन झाडावर जाते. वहिनींनी काही न बोलता पाटी उचलली आणि मुलांना हाक मारली. संध्याकाळपर्यंत सारी फळे खड्ड्यात पुरली गेली. पुढच्या हंगामात त्यांनी मिथिल युजेनॉलचे सापळेही टांगले.

जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी उठली. तरी माशीला बंदी-परवानगी कळत नाही. म्हणून पडलेले फळ रोज वेचा, खोल पुरा, सापळे वेळेवर बदला आणि शेजाऱ्यालाही सांगा. विमानाचे दहा तास वैमानिकाच्या हाती. त्याआधीचे चार महिने आपल्या हाती आहेत.