बाळूचा फोटो लावायचा की नाही

मी खेळवेडा माणूस आहे. सिनेमावेडाही. चळवळीत राहून हे उघड सांगायचं म्हणजे थोडी छाती लागते. बैठकीत कोणी तरी हमखास म्हणतो, "इथं लोकं मरून रायले अन् याले स्कोर पायजे." बोलणारा तासाभरानं पानठेल्यावर हळूच विचारतो, "किती झाले बे?" तेव्हा सोंग नको. मला स्कोर पाहिजे असतो.

नेर-परसोपंत म्हणजे अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. एसटी थांबते, लोक चहा पितात, पुढं जातात. १९८३ च्या जून महिन्यात कपिलच्या पोरांनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा आमच्या वस्तीत एका घरी रेडिओ होता आणि त्याच्याभोवती तीस माणसं. अर्ध्यांना एलबीडब्ल्यू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तरी विकेट पडली की ओरडायची. माझी माय विचारायची, "कोन मेलं?"

मैदानावरची गोष्ट वेगळी. गावातल्या पोरांची टीम होती, किट त्यांचं. आम्हाला बोलवायचे ते फील्डिंगला. बॉल पऱ्हाटीच्या वावरात गेला की आम्ही आणायचा. दिवसभर पळायचं आणि संध्याकाळी शेवटच्या दोन ओव्हर राहिल्या की उजेड कमी व्हायचा. बॅटिंग कधी आलीच नाही. पाण्याचा गडू वरून ओतायचे. ओंजळ धरायची. कोणी शिवी दिली नाही, कोणी मारलं नाही. फक्त बॅट दिली नाही.

पुढं मोठेपणी बाळू पालवणकरबद्दल वाचलं आणि उठून बसलो. (एकेरीत लिहितो. खेळाडूला आपण एकेरीतच हाक मारतो.) चांभाराचा पोरगा, १८७६ साली धारवाडला जन्मलेला. बाप पलटणीत शिपाई. बाळू पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर झाडलोट करायचा. मग गोऱ्या साहेबांच्या क्लबात चार रुपयांवर गेला. रोलर ओढायचा, जाळी बांधायची, आणि साहेबांना सरावासाठी बॉल टाकायचा. ग्रेग नावाचा इंग्रज बॅट्समन त्याच्याकडून तासन् तास बॉलिंग करून घ्यायचा. डावखुरा फिरकी बॉलर त्या जाळीत तयार झाला. आणि बॅट? हजारो बॉल टाकले, बॅट कोणी हातात दिली नाही. हे वाचलं तेव्हा मला नेरचं ते मैदान दिसलं, पऱ्हाटीसकट.

पुढं पुण्याच्या हिंदू टीमला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूशिवाय ते होणार नव्हतं. म्हणून त्याला घेतलं. मैदानावर तोच बॉल ब्राह्मणाच्या हातातून बाळूच्या हातात, बाळूच्या हातातून ब्राह्मणाच्या हातात. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपात, बाळू बाहेर मातीच्या कुल्हडात. जेवायला वेगळं पान. चामड्याच्या बॉलला विटाळ नाही आणि चहाला विटाळ! बॉल कोणी शिवला होता हे त्यांनी विचारलं नाही, नाही तर खेळच बंद पडला असता.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांची टीम इंग्लंडला गेली. महाराज कॅप्टन. टीम बहुतेक मॅचेस हरली. पण बाळूनं त्या दौऱ्यात ११४ विकेट घेतल्या. परत आला तेव्हा मुंबईत आपल्या लोकांनी त्याचा सत्कार केला, आणि तिथं मानपत्र देणारा एक विशीतला विद्यार्थी होता, भीमराव आंबेडकर, असं इतिहासकार रामचंद्र गुहा लिहितात.

एवढा मोठा बॉलर, पण हिंदू टीमचा कॅप्टन त्याला केलं नाही. १९२० मध्ये भावांनी, शिवराम आणि विठ्ठलनं, त्यांना डावलून कॅप्टन नेमला म्हणून टीममधून अंग काढून घेतलं. दोघांच्या नावाचं पत्रक निघालं. मंडळींना वाकावं लागलं. शेवटी १९२३ मध्ये विठ्ठल कॅप्टन झाला आणि हिंदूंनी गोऱ्यांना हरवलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. जात तेवढा वेळ खांद्यावर चालली. घरी गेल्यावर किती जणांनी अंघोळ केली ते इतिहासात लिहिलेलं नसतं.

हे जुनं झालं असं कोणी म्हणेल. २०२१ चं टोकियो ऑलिंपिक आठवा. हॉकीत वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेवर तीन गोल मारले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय बाई. चार-पाच दिवसांनी सेमीफायनलला अर्जेंटिनाकडून टीम हरली, तर हरिद्वारजवळ तिच्या घरासमोर फटाके फोडले आणि जातीवरून शिव्या दिल्या. पोरगी देशासाठी खेळत होती आणि घरच्यांना जात ऐकावी लागत होती. बाळूच्या कुल्हडापासून इथपर्यंत ११० वर्षांच्या वर अंतर आहे. मोजून घ्या.

आणि तरी मी मॅच पाहतो. का पाहतो ते १ जानेवारी २०१८ नं मला नीट विचारलं. त्या दिवशी इंदूरला आपला विदर्भ रणजीची फायनल दिल्लीविरुद्ध जिंकत होता. पहिल्यांदा! गुरबानीची हॅटट्रिक दोन दिवस आधीच पाठ झाली होती. सगळ्या देशानं लिंबूटिंबू समजलेली टीम, आणि दिल्लीला नऊ विकेटनं लोळवलं. आम्ही चहाच्या टपरीवर नाचत होतो. आणि त्याच मोबाईलवर, त्याच तासांत, भीमा कोरेगावचे फोटो येऊ लागले. लढाईला २०० वर्षं झाली म्हणून विजयस्तंभाकडं गेलेल्या आपल्या माणसांवर दगड, जळालेल्या गाड्या. वस्तीतले काही जण गेले होते, त्यांचे फोन लागत नव्हते. एका बोटानं मोबाईल वर सरकवला की कप, खाली सरकवला की धूर.

त्या रात्री एक कार्यकर्ता मला म्हणाला, "आता तरी सोड ते किरकेट." मी म्हटलं, का सोडू? ज्यानं दगड मारला त्यानंही मॅच पाहिली असेल. मग मैदान त्याच्या नावावर करून देऊ का? ३ तारखेच्या बंदला आम्ही दोघंही रस्त्यावर होतो. तिथं त्यानं मला पुन्हा विचारलं नाही.

सिनेमाचं फार लिहीत नाही, जागा कमी आहे. पण नागराज मंजुळेचा 'फँड्री' (२०१३) पाहून मी थेटरातून बाहेर आलो तेव्हा बोललो नाही. डुक्कर खांद्यावर घेऊन पोरगं जातं आणि मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब. २०२२ मध्ये 'झुंड' आला. नागपूरच्या झोपडपट्टीतली फुटबॉल खेळणारी पोरं, आणि अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या फोटोसमोर. ज्या पडद्यावर आपला बाप कधी दिसला नव्हता तिथं जयंतीची मिरवणूक! शिट्ट्या आम्हीच वाजवल्या. ज्यांना अमिताभचं नमस्कार करणं फार मोठं वाटलं त्यांच्याशी माझं जमत नाही, मला ती पोरं मोठी वाटली. त्यांची बोली माझ्या चुलतभावाची बोली होती.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या वस्तीतली पोरं जयंतीला टेनिस बॉलचे सामने घेतात. परवा त्यांनी ठरवलं की चषकाला बाळू पालवणकरचं नाव द्यायचं आणि विहाराशेजारच्या हॉलमध्ये त्याचा फोटो लावायचा. बैठकीत आमचे जुने काका उठले. नामांतराच्या लढ्यात जेल भोगलेला माणूस. म्हणाले, "ज्यानं बाबासायबाच्या इरोधात फारम भरला, त्याचा फोटू आपल्या हॉलात?"

पोरं गप्प. त्यांना हे ठाऊकच नव्हतं.

काका खरं बोलत होते. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीत बाळू बाबासाहेबांसोबत नव्हता, राजा-मुंजे कराराच्या बाजूनं होता. पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे आणि बाळूचीही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत बाबासाहेबांसमोर बाळूलाच उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५. फरक फार नव्हता. काँग्रेसला ठाऊक होतं कोणाला कोणाविरुद्ध वापरायचं. पुण्याच्या टीमलाही ठाऊक होतं.

एक गोष्ट बैठकीत कोणी बोललं नाही, मी इथं लिहितो. विरोध फक्त १९३७ चा नव्हता. बाळू आपल्या जातीचा नाही, हेही काहींच्या मनात होतं. कोपऱ्यात कुजबूज झाली ती मी ऐकली. काँग्रेसनं जी फट वापरली ती अजून आपल्या हॉलात आहे, आणि तिथं फोटो लावायला खिळा ठोकायचा तर भिंत आधी नीट पाहावी लागेल. बौद्ध झालो म्हणतो आपण.

मी म्हटलं, काका, बॉलर मोठा होता. उमेदवार म्हणून तो चुकला, बाबासाहेबांसमोर उभा राहायला नको होता. दोन्ही लिहू. काका म्हणाले, "दोन्ही लिवाल तं लहान्या पोट्ट्याले काय समजन?" एक पोरगी बोलली, दहावीतली, सामन्यांचा स्कोर तीच लिहिते. "समजते ना काका. आम्ही सतराशे साठ गोष्टी समजतो."

फोटो शेवटी बाबासाहेबांच्या बाजूला नाही, दाराजवळ लागला. काकांची तेवढी अट होती, मला ती मान्य आहे. खाली पुठ्ठ्यावर त्या पोरीनं स्केचपेननं लिहिलं: इंग्लंड, १९११, ११४ विकेट. त्याखाली: मुंबई, १९३७, डॉ. आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५.

काकांनी चष्मा वर करून दोन्ही ओळी वाचल्या. मग विचारलं, "पोट्ट्यांच्या या सामन्यात पोरीयची टीम हाय का नाही?"

नव्हती. आता करतोय. सात जणी झाल्या, चार पाहिजेत. किट वस्तीचंच आहे.