नाईलयात्रेची रंगीत तालीम
लेखांक पहिला : शिरूर आणि दौंड

सोमवार. मुक्काम शिरूर.

प्रवासाचा आरंभ फलाटावर होतो असे रेल्वेचे लोक म्हणतील, आणि मुहूर्त पाहणारे तो पंचांगाच्या पानावर होतो असे सांगतील. आमच्या प्रवासाचा आरंभ मात्र आज सायंकाळी माझ्या ओसरीवर, चारही कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवून सपाट केलेल्या एका रंगीत पत्रकापासून झाला. आठ दिवस आणि सात रात्री एवढ्या अवधीत कैरो, गिझा, अलेक्झांड्रिया, लक्सर, आस्वान आणि अबू सिंबेल दाखवून सुखरूप परत आणण्याची हमी त्यात होती, आणि मिसर देशाचा साडेचार हजार वर्षांचा इतिहास इतक्या किफायतीत मिळत असताना तो न घेणे हा शुद्ध अव्यवहार ठरेल, असे आमच्या मंडळींचे प्रथमदर्शनी मत पडले.

मंडळी म्हणजे आम्ही पाच जण : इतिहास शिकवून निवृत्त झालेला मी, माझी थोरली बहीण अक्का, मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालवलेले भाऊसाहेब, न्हावऱ्याचे ऊसबागायतदार नाना, आणि दौंडाहून मुद्दाम आलेले रेल्वेचे निवृत्त गार्डसाहेब. गार्डसाहेबांनी पत्रक दोनदा वाचले, दिनदर्शिकेचे जुने पान उलटे केले, आणि पट्टीने रेघा मारून त्यावर आमच्या सहलीचे रीतसर वेळापत्रक मांडले. त्यातून जे बाहेर आले ते पत्रकाच्या रंगीबेरंगी छपाईत कोणाच्याही नजरेस आले नव्हते. काही स्थळे ‘पाहणे’ होती, काही ‘बाहेरून पाहणे’, आणि काही केवळ ‘बसमधून पाहणे’. जेवण, रस्ता आणि रांग वजा जाता थोरल्या पिरॅमिडच्या वाट्याला चाळीस मिनिटे येत होती, आणि अत्तराच्या व पपायरसच्या दुकानांना मिळून दीड तास.

“गुरुजी,” गार्डसाहेब पेन्सिल कानावर ठेवीत म्हणाले, “ही पॅसेंजर नव्हे. ही मालगाडी आहे, आणि माल आपण.”

बराच खल झाल्यावर अशी तजवीज ठरली की, परमुलखातल्या वाटाड्याच्या मागे जाण्यापूर्वी आपल्याच तालुक्यात एक रंगीत तालीम करावी. वाटाड्या मी, आणि प्रवासी उरलेले चौघे.

मंगळवार. शिरूर.

आजचा दिवस कागदपत्रांचा. आणि कागदपत्रांत रस असणारा मनुष्य आमच्यात एकच असल्याने त्याचे वर्णन थोडक्यात आटोपतो. पारपत्राची मुदत प्रवासानंतरही निदान सहा महिने शिल्लक असावी लागते, हे भाऊसाहेबांनी सर्वांस दोनदा बजावले, आणि प्रत्येकाच्या दस्तऐवजांची एकमेकांशी रुजवात घातली. त्यात आमच्या पाच जणांपैकी तिघांची जन्मतारीख १ जून निघाली. ज्या काळी मुलाला कोणत्या पावसाळ्यात जन्म झाला एवढेच सांगून शाळेत घालीत, त्या काळच्या गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची ही तारीख हजारो मुलांना सढळ हाताने वाटली. मी स्वतः त्याच पेशातला असल्याने त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. परंतु साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या फॅरोच्या कारकिर्दीतील वर्षे मोजून देणारे आम्ही, आमच्या स्वतःच्या जन्माच्या बाबतीत शाळेच्या दाखल्यावर निभावून नेतो, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

शेंगदाण्याची चटणी किती न्यावी यावर उरलेला वेळ गेला. निर्णय झाला नाही.

बुधवार. शिरूर ते तुळापूर आणि परत.

पत्रकातील गतीनेच आज सहा स्थळे पाहावयाची, असा संकल्प होता. सकाळी सात वाजता जीप निघाली, आणि माझ्या हाती, मंडळींनी गर्दीत मला ओळखावे म्हणून, उंच धरलेली छत्री होती. गर्दी मात्र कोठेच नव्हती.

पहिले स्थळ गावातलेच. घोडनदीच्या इंग्रजी छावणीत १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर येथे आहे, आणि आसपासचे लोक या गोऱ्या साहेबास सत्पुरुष मानून सुगीच्या पहिल्या धान्याचा नैवेद्य त्यास दाखवीत, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात सापडते. परक्या सैन्याच्या अधिकाऱ्याचा ग्रामदेव कसा होतो, हा प्रश्न एका दुपारभर पुरेल एवढा आहे. आम्ही त्यास बारा मिनिटे दिली. पुढे रांजणगावचा महागणपती. दक्षिणायनात उगवत्या सूर्याचे किरण मूर्तीवर पडावेत अशी या देवळाची रचना असल्याचे सांगतात, आणि अबू सिंबेलच्या गाभाऱ्यातही वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व ऑक्टोबरात, सूर्यकिरण आतल्या मूर्तींपर्यंत पोहोचतात, ही तुलना मी तोंडात घोळवीत होतो तोच गार्डसाहेबांनी शिट्टी वाजवली. पाबळास १७४० साली निवर्तलेल्या मस्तानीची कबर, कोरेगावच्या लढाईचा भीमेकाठचा स्तंभ, वढू बुद्रुक येथील संभाजी महाराजांची समाधी, आणि शेवटी नद्यांच्या संगमावरील तुळापूर. प्रत्येक ठिकाणी उतरलो, मी बोललो, त्यांनी छायाचित्रे घेतली, आणि पुन्हा चढलो.

रात्री जेवणानंतर मी परीक्षा घेतली, जुनी खोड. नानांनी वॉलेससाहेबास पाबळास नेऊन ठेवले आणि मस्तानीला शिरुरास आणले. भाऊसाहेबांना सर्व सनावळ्या पाठ होत्या, पण कोणती कोणाची हे निश्चित सांगता येईना. अक्का म्हणाली, “मला रांजणगावचा पेढा आठवतो.”

हसणे ओसरल्यावर अंथरुणावर पडून मी माझीच परीक्षा घेतली, तेव्हा मीही उत्तीर्ण झालो नाही. १८१८ च्या पहिल्या जानेवारीला शिरुराहून रातोरात कूच करून आलेली कंपनीची पलटण आणि पेशव्यांचे सैन्य यांची गाठ कोरेगावी पडली. त्या लढाईचा हा स्तंभ, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे आले, तेव्हापासून त्याचा अर्थ किती विस्तारला, हे सारे मी छत्री हलवीत घडाघडा सांगितले होते. परंतु चौकोनी, वर निमुळता होत जाणारा आणि टोकाशी लहानशा पिरॅमिडासारखा मिटणारा हा आकारच मुळात मिसरी आहे, इंग्रजांनी तो नाईलच्या काठावरून उचलून भीमेच्या काठी आणला आहे, ही गोष्ट मला अंधारात आढ्याकडे पाहताना सुचली. लक्सरच्या देवळापुढील जोडीपैकी एक असा स्तंभ आज पॅरिसात उभा आहे. आम्ही मिसर पाहावयास सहा तासांचे विमान धरणार होतो, आणि तालुक्याच्या वेशीवर उभ्या असलेल्या मिसरी आकृतीसमोर बावीस मिनिटे उभे राहूनही ती आम्हांस दिसली नव्हती.

गुरुवार. इनामगाव.

आज एकच स्थळ. न्हावऱ्यावरून इनामगावास पोहोचलो, घोडनदीच्या उजव्या काठाने पांढरीच्या टेकाडांपर्यंत चालत गेलो, आणि नानांनी चारी दिशांना पाहून विचारले, “गुरुजी, हितं बघायचं काय?”

प्रश्न रास्त होता. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले, सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नावांनी त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, शाळेच्या पाठ्यपुस्तकात या गावाचे नाव गेले. पण प्रत्यक्ष जागेवर खड्डे बुजलेले, वर शेती, आणि बांधाला बाभळी. मी छत्री मिटली. येथे बोटाने दाखवावे असे काहीच नसल्यामुळे प्रथमच मला बसून बोलावे लागले.

इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. रामेसेस दुसरा अबू सिंबेलच्या कड्यात आपल्या प्रचंड मूर्ती कोरवून घेत होता, त्या तेराव्या शतकात येथे चौकोनी, प्रशस्त घरे नांदत होती, आणि लोक सातू पिकवीत होते. सातू म्हणताच नाना उठले. “पाणी कुठनं आणलं?” पुराचा बंधारा आणि कालवा यांचे अवशेष येथे सापडले आहेत असे मी सांगितले, तेव्हा नाना काहीही न बोलता टेकाडाच्या कडेने चालत गेले, उताराला लागले, नदीकडे पाहत उभे राहिले, आणि पाऊण तासाने परत येऊन म्हणाले, “माणसं हुशार होती. मी असतो तर चारी त्याच अंगानं काढली असती.” पुढे पाऊसमान घटत गेले, चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि अखेर वस्ती उठली, हे ऐकताना अवर्षण पाहिलेला हा मनुष्य मान हलवीत राहिला, त्याला अधिक समजावून सांगण्याची गरज नव्हती.

अक्काच्या पायाशी एक खापर होते : तांबूस, तळहातापेक्षा लहान, त्यावर काळ्या रंगाच्या तीन समांतर रेघा, आणि तिसरी रेघ शेवटी किंचित खाली घसरलेली. तिने नखाने टिचकी मारली, तेव्हा खणखणीत आवाज आला. “भाजलंय चांगलं,” ती म्हणाली, “पण रेघ ओढताना कोणीतरी हाक मारली असावी.” ते तिने पुन्हा होते तेथेच, त्याच कुशीवर ठेवले.

मग मी दफनांविषयी सांगितले. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला प्रौढ मनुष्य सापडला. आणि तान्ही मुले दगावली, तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत ठेवून, घराच्या जमिनीखालीच पुरीत. विद्वानांनी यावर जे जे तर्क केले आहेत ते मी सांगण्याच्या बेतात होतो. अक्का नदीकडे पाहत होती. तिचे पहिले मूल सव्वा महिन्याचे होऊन गेले, त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली, आणि आमच्या घरात त्याचा उच्चार होत नाही.

“बाहेर ठेववलं नसेल रे तिला,” ती म्हणाली.

मी पुढे काही बोललो नाही. वाटाड्याने केव्हा थांबावे, हे चाळीस वर्षे फळ्यापुढे उभे राहूनही मला कोणी शिकवले नव्हते.

शुक्रवार. मुक्काम दौंड.

गार्डसाहेबांच्या आग्रहावरून आज दौंडास आलो, आणि सकाळीच भीमेपलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यात पेडगावचा भुईकोट पाहून घेतला. मोगल सरदार बहादूरखानाच्या छावणीमुळे बहादूरगड म्हणून ओळखला गेलेला आणि आता धर्मवीरगड म्हटला जाणारा हा कोट. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज आणि कवी कलश यांना बंदिवान करून येथेच औरंगजेबापुढे आणले. बुधवारी वढूच्या समाधीपुढे आम्ही ज्या कथेचा शेवट घाईघाईने पाहिला होता, तिचा हा आधीचा अंक. कालच्या अनुभवाने शहाणा होऊन मी येथे सन आणि नावे सांगून गप्प बसलो. चौघे चार दिशांना पांगले. भाऊसाहेब लक्ष्मीनारायणाच्या देवळाच्या कोरीव भिंतीशी, आणि नाना, अर्थातच, नदीचे पाणी वर खेचणाऱ्या हत्तीमोटेच्या बांधकामाशी.

दुपारी गार्डसाहेबांनी आपले स्वतःचे ऐतिहासिक स्थळ दाखवले : दौंडचा फलाट. दौंड-मनमाड मार्ग १८७८ पासूनचा. मनमाडकडून पुण्यास जाणाऱ्या गाडीला वर्षानुवर्षे येथे इंजिनाची बाजू बदलावी लागे : पुढचे इंजिन सोडवायचे, गाडीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचे, आणि मग उलट तोंडाने पुण्याकडे निघायचे. पुढे वळणमार्ग झाला, आणि कित्येक गाड्यांचा हा खोळंबा मिटला.

“माझ्या साऱ्या नोकरीत,” गार्डसाहेब बाकावर बसत म्हणाले, “लोकांनी शिव्या दिल्या त्या या थांब्याला. आणि निवृत्त झाल्यावर जो भेटतो तो म्हणतो, साहेब, दौंडला उतरून चहा प्यायचो, पाय मोकळे करायचो, ते दिवस गेले. वाटेतल्या साठ स्टेशनांपैकी एकाचंही नाव त्याला सांगता येत नाही.”

शनिवार. शिरूर.

आज सहलीच्या नव्या वेळापत्रकाचा मसुदा पुरा झाला. गेल्या दोन रात्री मी पुस्तके चाळीत होतो, आणि त्यांत लक्सरच्या पश्चिम काठावरील देर अल-मदीना हे स्थळ मला सापडले. राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांचे हे गाव. ब्रुयेर या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १९२२ ते १९५१ या काळात ते खणून काढले. तेथील खापरांवर आणि दगडाच्या कपच्यांवर लिहिलेला एवढा व्यवहार हाती आला आहे की भाऊसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. रामेसेस दुसऱ्याच्या चाळिसाव्या वर्षाचा कामगारांचा हजेरीपट आज ब्रिटिश म्युझियमात आहे, आणि त्यात गैरहजेरीची कारणे नोंदलेली आहेत : एकास विंचू चावला, एक आजारी, एक घरी मद्य गाळण्यात गुंतलेला. “म्हणजे किरकोळ रजा!” भाऊसाहेब उद्गारले, आणि आठवड्यात प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर यात्रेकरूचे तेज आले. धान्याचा शिधा थकला म्हणून रामेसेस तिसऱ्याच्या काळात याच गावच्या कामगारांनी काम बंद ठेवले, हेही त्यांना सांगितले.

दुसरी गोष्ट मी अक्काकडे न पाहता सांगितली. या गावाच्या पूर्वेकडील दफनभूमीत तान्ही मुले मडक्यांत आणि टोपल्यांत ठेवून पुरलेली आढळली आहेत.

“तिथे जायचं,” अक्का म्हणाली.

भाऊसाहेबांनी सहल कंपनीस दूरध्वनी लावला. पलीकडच्या गृहस्थांनी अतिशय नम्रपणे सांगितले की, अलेक्झांड्रिया वगळता येईल, पैसे परत मिळणार नाहीत, आणि आपण म्हणता त्या गावी घेऊन जाऊ, पण तेथे पाहण्यासारखे विशेष नाही. नुसत्या भिंतींच्या ओळी आहेत. नाना शेजारून मोठ्याने म्हणाले, “त्येच बघायचंय, म्हणावं.”

अलेक्झांड्रियावर काट मारली. गार्डसाहेबांनी दिनदर्शिकेचे ते पान पुन्हा पसरले, सोमवारी आखलेल्या चौकटी खोडरबराने पुसल्या, आणि लक्सरच्या तिसऱ्या दिवशी दुपारी एकपासून पाचपर्यंतची जागा रिकामी ठेवली. वाटाड्या नाही, बस नाही, दुकान नाही. सारख्या अंतरावर रेघा ओढण्याची सवय असलेल्या त्यांच्या हाताला ती मोकळी चौकट सोसेना. थोडा वेळ पेन्सिल तिच्यावर धरून ते बसले, आणि मग बारीक, सुवाच्य अक्षरांत त्यांनी तेथे लिहिले : ‘इंजिन बदलणे. ४ तास.’

चटणीचा प्रश्न अद्याप अनिर्णित आहे.

(क्रमशः)